डब्यातल्या बांगड्या

लिंबाच्या साबणाचा वास आला की मला वाळूजच्या कारखान्यातलं हात धुवायचं बेसिन आठवतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता, मी ड्रिल मशीनवर नवीन होते आणि हिरवा चुडा उतरवायचा नाही असं सासूबाईंनी बजावलं होतं. 'बांगड्या काढून काम करा' ही भिंतीवरची पाटी मी रोज वाचायचे आणि सोडून द्यायचे. एका सकाळी फिरत्या ड्रिलमध्ये बांगडी अडकून तडकली, मनगटावर नुसता ओरखडा उठला. हात वाचला याचं मला काहीच नव्हतं. लग्नातली बांगडी वाढली म्हणून मी रडत होते. शेजारच्या मशीनवर फुलंब्रीहून येणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी माझं मशीन बंद केलं, मला बेसिनपाशी नेलं आणि साबणाचा फेस लावून उरलेल्या बांगड्या एकेक करून अलगद उतरवल्या. "सासूबाई विचारतील," मी म्हटलं. मावशींनी आपला जेवणाचा डबा उघडला. वरच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेल्या त्यांच्या स्वतःच्या बांगड्या होत्या. "लई वर्षं झाली पोरी, रोज इथंच ठेवते. मालक घरी ठणठणीत हायेत. माझा हात गेला तर मात्र त्यांना भाकर मिळायची नाय." माझ्या बांगड्याही त्यांनी तिथंच ठेवल्या आणि संध्याकाळी कासार भरतो तशा, हात दाबत दाबत, पुन्हा माझ्या हातात भरल्या. आता नव्या मुलींना ते मशीन मी शिकवते. पाटी दाखवत बसत नाही. डब्याचा वरचा कप्पा मात्र घरूनच रिकामा आणते.