भिवा तांडेल लेट आहे

पुस्तकावरून काढलेला सिनेमा न पाहताच त्याच्यावर सर्वांत सखोल टीका करणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा. घरात आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर ते कंट्रोलर होते. खिडकीमागे बसून राजापूर, नाटे, हेदवी अशी गावं ते अशा आवाजात पुकारत की ज्याला कुठेच जायचं नाही तोही क्षणभर पिशवी उचलून उभा राही. कॉलेजसाठी मी गावाहून त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हा न्हाणीघर कुठे आहे ते त्यांनी मला त्याच आवाजात सांगितलं. शेजारच्या दोन घरांनाही ते त्या दिवशी कळलं.

आतोबांनी आयुष्यात एकच कादंबरी वाचली, पण ती सात भागांची होती. ‘फिरतं बेट’ तिचं नाव. दर अमावास्येला जागा बदलणारं एक बेट, त्या बेटाच्या गादीवरून हाकलला गेलेला राजपुत्र विक्रांतसेन, आणि माणसांच्या सावल्या कापून पेटीत ठेवणारा अघोरकेतू नावाचा मांत्रिक, असा एकूण मामला. रत्नागिरीतल्या पुस्तक प्रदर्शनातून सातही भाग त्यांनी एकदम उचलून आणले आणि त्यांना एस.टी.च्या जुन्या वेळापत्रकांची कव्हरं घातली. त्यामुळे मांत्रिकाच्या गुहेत शिरण्याआधी वाचकाला पाली, हातखंबा आणि लांजा हे थांबे घ्यावेच लागत. लेखकाविषयी त्यांना आदर होता, पण तो देशावरचा असावा आणि त्याने समुद्र कॅलेंडरवरच पाहिला असावा, असं त्यांचं ठाम मत होतं. राजपुत्र ऐन ओहोटीला खाडीतून होडी बाहेर काढतो, हे त्यांना सहन होत नसे. “रुतली असती,” ते म्हणत, आणि वाचताना तिथे भरती आणून घेत. राजधानीपासून सावल्यांच्या किल्ल्यापर्यंत घोडा एका सकाळीत पोचतो, यालाही त्यांची हरकत होती. मध्ये घाट आहे, असं लेखकानेच दुसऱ्या भागात लिहून ठेवलं होतं. आतोबांनी घोड्याला घाटाच्या पायथ्याशी चहापाण्याची सुट्टी दिली आणि संध्याकाळी पोचवला.

हे सगळं मोठ्याने चाले, कारण त्यांनी कादंबरी वाचायला घेतली नव्हती, लावली होती. जशी पोथी लावतात तशी. दिवेलागण झाली की हातपाय धुऊन ते पाटावर बसत. आत्या कधी शाळेत गेली नव्हती. ती मांडीवर सूप घेऊन काजूगर सोलत समोर बसे. शेजारचा शिंपी येई, खालच्या घरातल्या काकू येत, आणि कॉलेजचा अभ्यास टाकून मीही बसे. अध्याय मध्येच सोडायचा नाही, वाचन चालू असताना पाय पसरायचे नाहीत, आणि भाग संपला की नारळ फोडून शिऱ्याचा प्रसाद. सातवा भाग संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आतोबांनी पुन्हा पहिला लावला. पोथी एकदा वाचून कोणी माळ्यावर टाकतं का, असा त्यांचा सवाल होता. शिऱ्याचा विचार करता त्यावर कोणाचीच तक्रार नव्हती.

या सगळ्या राजेरजवाड्यांत आत्याचा जीव होता तो भिवा तांडेलावर. भिवा म्हणजे राजपुत्राला आपल्या होडीतून बेटापर्यंत नेणारा साधा माणूस. तलवार नाही, मंत्र नाही, बोलणंही फारसं नाही. राजपुत्राचं काय व्हायचं ते होवो, आत्या रोज आधी विचारी, “अवो, आज भिवा हाय ना?” असला तर तिचे हात भराभर चालत. यामागे कारण होतं आणि ते आम्हा सर्वांना ठाऊक होतं. आत्याचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, मालवाहू बोटीवर खलाशी होते. लांबलांबच्या बंदरांतून त्यांची पत्रं येत, ती आतोबा वाचून दाखवत. मग पत्रं यायची थांबली. बोटीचं काय झालं ते कोणी आम्हाला धड सांगितलं नाही. घरातल्या पुरुषांनी मनातल्या मनात समजायचं ते समजून घेतलं होतं. आत्याने मात्र काही समजून घ्यायचं नाकारलं होतं. दर गणपतीला ती भावाच्या जुन्या मापाचा एक सदरा शिंप्याकडून शिवून घ्यायची. एका वर्षी शिंपी मान खाली घालून म्हणाला, “वैनी, आता वय झालं असंल त्यांचं. पोटावर दोन बोटं सैल ठेवतो.” आत्याने विचार करून हो म्हटलं. तेव्हापासून सदरे सैल होऊ लागले.

एकदा मला ताप आला आणि अंथरुणात पडून राहायची पाळी आली. आतोबा ड्युटीवर होते. मी तिसरा भाग काढून माझा मीच वाचू लागलो, आणि वादळाच्या अध्यायात उठून बसलो. भिवा तांडेल बुडाला होता. राजपुत्राला कातळावर ढकलून तो स्वतः लाटेखाली गेला, आणि तिथेच अध्याय संपला. पुढच्या चार भागांत त्याचं नाव शोधलं तर एकदाच सापडलं, तेही राजपुत्र त्याच्या आठवणीने डोळे पुसतो म्हणून. आणि मी तर भिवाला कातळावर चढताना ऐकलं होतं. पाचव्या भागात तो परक्या बेटावर होड्या दुरुस्त करत होता. सहाव्यात त्याने व्यापाऱ्यांच्या हाती राजपुत्राला निरोप धाडला होता. सातव्यात राज्याभिषेकाच्या वेळी तो मंडपात मागच्या खांबाला टेकून उभा होता आणि सर्वांची जेवणं झाल्यावर जेवला होता.

ताप उतरल्यावर मी स्टँडवर गेलो. आतोबांनी मला कँटीनमध्ये नेलं.

“भिवा तिसऱ्या भागात बुडतो,” मी म्हणालो.

त्यांनी चहा बशीत ओतला. “छापलंय तसं.”

“मग तुम्ही वाचता ते?”

“पहिल्यांदा वाचत होतो तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं? लाट आली. डोळे एक ओळ पुढं धावतात ना, तशी पुढची ओळ दिसली. वर बघितलं तर तुझ्या आत्याचा हात सुपात थांबलेला. तोंडातून निघून गेलं, भिवाचा हात कातळाला लागला. एकदा लागला तो लागला. आता काढता येतो काय?”

त्यांनी बशी तोंडाला लावली, खाली ठेवली. “हे बघ बाबू. गाडी आली नाय तर मी पुकारतो, गाडी लेट आहे. रद्द म्हणायचं असंल तर वरून हुकूम लागतो. मेव्हण्याबद्दल तसा हुकूम मला अजून आलेला नाय.” एवढं बोलून ते नाट्याची गाडी पुकारायला निघून गेले. चहा मात्र अर्धा ठेवला होता, आणि आतोबा चहा कधी अर्धा ठेवत नसत.

त्यानंतर मी वाचनाला बसे तेव्हा थक्क होऊन ऐके. चार भाग हा माणूस छापील मजकुरात एक जिवंत माणूस घुसवत होता, आणि दरवेळी तोच, तिथेच, त्याच शब्दांत. कारण श्रोते कच्चे नव्हते. एकदा भिवा मंडपात उजव्या खांबाऐवजी डाव्या खांबाला टेकल्याबरोबर काकूंनी त्यांना थांबवलं होतं. आतोबांनी चष्मा पुसला आणि भिवाला उजवीकडे नेलं.

आणि अशात ‘फिरतं बेट’चा सिनेमा निघाला. रत्नागिरीतल्या थिएटरवर पोस्टर लागलं. त्यावर राजपुत्र, मांत्रिक, आणि कोपऱ्यात होडी होती, होडीत एक माणूस होता. शिंप्याने येऊन ही बातमी दिली आणि आत्या म्हणाली, “भिवा दिसंल.” आयुष्यात दोन-तीन सिनेमे पाहिलेली बाई, पण हा पाहायचा तिने ठरवून टाकलं.

आतोबांनी त्याच दिवशी टीकेला सुरुवात केली. पोस्टरवरचा राजपुत्र चाळिशीचा दिसतो. बेट पुठ्ठ्याचं आहे, एका पावसाळ्यात विरघळंल. मांत्रिकाचे डोळे आल्यासारखे लाल आहेत, ते बघून आपलेही येतील. सात भाग तीन तासांत कसे बसतात? राजापूरच्या गाडीत सणाच्या दिवशी माणसं बसतात तसे बसवले असणार, म्हणजे निम्मे टपावर. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिकिटं संपल्याचं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात आत्याला त्यांनी हेदवीच्या गणपतीला धाडलं, जाताजाता तिथल्या नणंदेकडे राहून ये म्हणाले. त्यांनी स्वतःहून बायकोला नणंदेकडे राहायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ होती. ती परत आली तेव्हा सिनेमा चालूच होता. आतोबांना इतकं निराश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी आम्ही सगळे गेलो. काकू आणि शिंपीही. आतोबा आत्याच्या शेजारी बसले आणि पडद्यावर काही चुकीचं घडतंय का ते पाहू लागले. त्यांची पंचाईत अशी की काहीच चुकीचं घडत नव्हतं. घोड्याचा रंगसुद्धा पुस्तकातलाच होता. होडीदेखील ओहोटीलाच निघाली. इंटरव्हलला दिवे लागताच आतोबा उठले आणि म्हणाले, “संपला. चला.”

“लोकं बसलीत ती?” आत्याने विचारलं.

“ती पुढच्या खेळाची.”

पण काकूंनी त्यांना खाली बसवलं.

मग वादळ आलं. भिवाने राजपुत्राला कातळावर ढकललं, आणि लाट त्याच्यावरून गेली. सनई वाजली. मी आत्याकडे पाहिलं. सिनेमा बघताना तिची बोटं मांडीवर काजूगर सोलल्यासारखी हलत होती, ती थांबली. आतोबांनी डोळे मिटून घेतले होते.

“ह्या सिनेमावाल्यांनी पोथी पुरती वाचलेली नाय,” आत्या म्हणाली.

हे ती साध्या आवाजात बोलली, पण शिंप्याला तेवढं पुरलं. तो उभा राहिला. “भिवा मेलेला नाय,” त्याने सगळ्या थिएटरला सांगितलं. काकूही उठल्या. बॅटरी घेऊन डोअरकीपर आला, त्याच्यामागे मॅनेजर आला. पुस्तकातही असंच आहे, आपण स्वतः वाचलंय, असं तो सांगू लागला. शिंपी म्हणाला, “आम्ही दोन वेळा ऐकलंय. समाप्तीचा शिरा खाल्लाय.” सगळे आतोबांकडे बघू लागले, आत्यासुद्धा.

आतोबा सावकाश उठले. मग त्यांनी घसा साफ केला आणि फलाटावर पुकारतात तसं सांगितलं, “भिवा तांडेल लेट आहे. बसून घ्या.”

लोक हसले, मॅनेजरही हसला. आत्या मात्र हसली नाही. ती नीट सावरून बसली आणि शेवटपर्यंत पडद्यावर वाट बघत राहिली. राज्याभिषेक झाला, दिवे लागले. उजव्या खांबापाशी कोणी नव्हतं. उठताना ती म्हणाली, “बिचाऱ्यांनी आधीच संपवला.”

त्यानंतर आतोबा निवृत्त झाले, पुढे बरीच वर्षं जगले, आणि शेवटपर्यंत त्या सिनेमावर बोलत राहिले. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते पटवून देत की पुस्तकाशी इतकी बेइमानी आजवर कोणी केलेली नाही. आमच्या आळीत आजही हेच मत आहे. पुस्तक आणि सिनेमा यांत एका शब्दाचं अंतर नव्हतं, हे जाणणारा मी एकटा उरलोय, आणि मला कोणी विचारत नाही.

काकांबद्दलचा हुकूम शेवटपर्यंत आला नाही, काकाही आले नाहीत. आतोबा गेल्यानंतरच्या वर्षी मी सुट्टीत रत्नागिरीला गेलो. आत्या खूप थकली होती. कपाटात सैल सदऱ्यांची चळत होती, तिच्यावर ते सात भाग होते. दिवेलागणीला तिने पाट मांडला आणि म्हणाली, “बाबू, तिसरा लाव.” आतोबांच्या जागी बसताना मला फार अवघडल्यासारखं झालं. मांडीवर सूप घेऊन ती समोर बसली. वादळाचा अध्याय आला. लाट आली. डोळे एक ओळ पुढे धावले, आणि मी पुस्तकावरून नजर न हलवता म्हणालो, “भिवाचा हात कातळाला लागला. तो वर चढला.”

“थांब,” आत्या म्हणाली. “गाळलंस.”

“काय गाळलं?”

“हात लागल्यावर तो आधी मागं वळून बघतो, आपली होडी कुठं दिसते काय. मग चढतो. तुझे आतोबा ते कधी गाळायचे नाय. नीट बघून वाच.”

मी पान दिव्याजवळ धरलं. लाट भिवावरून गेली होती आणि खाली अध्याय संपल्याची तीन फुलं होती. मी नीट बघितलं, आणि वाचलं.