काकाच्या वाट्याचा बांध

उलव्याच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून खाडीत खारफुटीनं भरलेल्या बेटाचा एक हिरवा ठिपका दिसतो. फ्लेमिंगो दाखवायला होडीतून नेणारा पोरगा लोकांना सांगतो, की तिथं पूर्वी वस्ती होती, ती समुद्रानं गिळली. एकदा मीही त्या होडीत होते. म्हटलं, समुद्राला उगाच नावं ठेवू नकोस बाबा. तो बिचारा भरती-ओहोटीच्या वेळा पाळून वागत होता. बेट बुडालं ते आमच्या सभ्यपणामुळं.

बेटावर पाच घरं होती. सगळी आगरी, सगळी एकमेकांच्या नात्यातली, त्यामुळं भांडायला बाहेरचं माणूस लागत नसे. मधोमध भाताची खाचरं, गोड्या पाण्याचं एक तळं, आणि खाडीचं खारं पाणी अडवायला भोवती मातीचा बांध. ज्याचं शेत जिथं, तिथला बांध त्यानं सांभाळायचा. उन्हाळ्यात खाडीतला चिखल टोपल्यांनी वाहून बांधावर थापायचा, चिंबोऱ्या-खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची, पायांनी तुडवून घट्ट करायचं. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र हात लावायचा नाही. लावलाच, तर त्याच्या शेतावर डोळा आहे असं धरत. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण करणाऱ्याला पोहता येत असावं.

पन्नासचं दशक संपत आलं असताना आमच्याच घरात राहणारा माझा काका पोरांच्या शाळेसाठी किनाऱ्यावर राहायला गेला. भांडण नाही, तंटा नाही. निघताना आईनं काकीची ओटी भरली, बाबा होडीपर्यंत पोचवायला गेले. बांधाचं तेवढं कुणीच बोललं नाही. ‘दादा, माझ्या बांधाकडं बघ’ असं काकानं म्हणावं, म्हणून बाबा वाट बघत राहिले. मोठ्या भावाला हे सांगावं लागणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून काका गप्प राहिला. दोघंही मनानं सोन्यासारखे. सोनं पाण्यात बुडतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

काकाचा वाटा पश्चिमेला, थेट लाटांच्या तोंडावर. पहिल्या उन्हाळ्यात तिथं कुणी चिखल टाकला नाही. पावसाळा कसाबसा निभावला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या बांधावरून चालताना पाय घोट्यापर्यंत आत जायला लागला. तो फुटला असता, तर एकट्या काकाचं नव्हे, पाचही घरांचं शेत आणि तळं खारट होणार होतं. सगळ्यांना ते कळत होतं. बाकीची घरं म्हणाली, दोन भावांचा मामला आहे, आपण कशाला मध्ये पडायचं.

आई बाजाराच्या निमित्तानं किनाऱ्यावर गेली आणि तिनं काकाला गाठलं. काकानं विचारलं, दादानं बोलावलंय का? आई खोटं बोलत नसे, हा आमच्या घरचा आणखी एक दुर्गुण. मग मी कसा येऊ, काका म्हणाला. न बोलावता आलो, तर दादाला वाटेल, हिस्सा मोजायला आला.

आई परतली ती धुमसतच. बाबांना म्हणाली, “पानी काय इचारून येतं, यो बांध कोनाचा म्हनून?”

“भावाच्या बांधावर चिखल टाकला तं लोक बोलतील, शेत खाल्लं,” बाबा म्हणाले आणि जेवायला बसले.

मी नुकती लुगडं नेसायला लागले होते, अंगात ताकद होती. एके दिवशी बाबा बाजाराला गेलेले पाहून आई आणि मी ओहोटीला खाडीत उतरलो आणि काकाच्या बांधावर चिखल वाहत राहिलो. कंबर मोडली, पण बांध चांगला गुबगुबीत दिसायला लागला. बाबा आले, त्यांनी तो पाहिला. ओरडले नाहीत. फावडं आणलं आणि आमचा सगळा ओला चिखल खरवडून परत खाडीत लोटला. त्याबरोबर थोडी जुनी मातीही गेली. माझे बाबा फार प्रामाणिक होते. मला त्या प्रामाणिकपणाचा अजून राग येतो.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला भर दुपारी उधाणाची भरती होती. होडी लागायची त्या पश्चिमेच्या धक्क्यावर पाचही घरं नटूनथटून जमली. बाबांनी नारळ पाण्यात सोडला आणि हात जोडून दर्याला शांत हो म्हणाले. हात जोडलेलेच होते, तेवढ्यात शेजारी काकाचा बांध बसला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. नुकत्याच लावलेल्या भातावरून पाणी सरळ आमच्या अंगणात आलं, आणि त्यावर तरंगत आमचाच नारळ.

काकाला किनाऱ्यावरून दिसलं असावं. तो होडी घेऊन आला, न बोलावताच. गुडघाभर पाण्यात दोघं भाऊ समोरासमोर उभे राहिले. काका रडत होता. बाबा म्हणाले, “तुज्या बांधाला आमी हात नाय लावला.” हे ते अभिमानानं म्हणाले, देवाशपथ.

आईनं पाण्यातला नारळ उचलला, उंबऱ्यावर फोडला आणि दोन वाट्या दोघांच्या हातात दिल्या.

“घ्या. वाटनी सारकी झाली का बगा.”

खारट जमिनीत भात होईना, तळ्याचं पाणी तोंडात धरवेना. पुढच्या काही वर्षांत एकेक घर उठलं. सगळ्यांत शेवटी आम्ही निघालो, कारण आधी निघणं बाबांना बरं दिसेना. किनाऱ्यावर काकाच्या घराला लागूनच खोपटं बांधलं. भिंती कुडाच्या, दर उन्हाळ्यात लिंपाव्या लागत. पहिल्याच उन्हाळ्यात आई चिखलाची टोपली घेऊन बसली, आणि आमची भिंत संपली तरी थांबली नाही, काकाची लिंपायला लागली. बाबा दारात बसून बघत होते. निम्म्या भिंतीवर टोपली रिकामी झाली. बाबा उठले आणि त्यांनी ती भरून आणून दिली.