उंटाचा बटवा

हे मी बायकोला सांगितलं नाही, भावाला सांगितलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहायला वेळ लागतो. पण दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर त्याच्या तोंडाकडे बघत सांगावं लागेल — ते मला जमायचं नाही.

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. बदलापूर पूर्वेला आमची चाळ होती, आठ खोल्यांची. मागे पार शिरगावपर्यंत भातशेती. दुपारची जेवणं आटोपली की बायका ओट्यावर बसून उल्हासनगरच्या एका शेठचा माल शिवायच्या — पर्सा, बटवे. शेठचा माणूस सायकलवरून गठ्ठे टाकून जायचा, आठवड्यानं तयार माल घेऊन जायचा. कुठं जायचा तो माल? कोण विचारतंय! टिकल्या इतक्या सांडलेल्या असायच्या की कधीकधी भातात एखादी चमकायची. आता तिथं सात मजली बिल्डिंग आहे. ओटा नाही, काही नाही.

त्या सगळ्यांत हात सुबक माझ्या वहिनीचा. थोरल्या भावाची बायको, माहेर बारवी धरणाकडचं. भाऊ अंबरनाथला कारखान्यात होता. आमची आई लवकर गेली, त्यामुळे माझं लग्न होईपर्यंत मला जेवू घातलं ते ह्या वहिनीनं. हे आधीच सांगून ठेवतो.

आणि मी — मी आखातात गेलो. चाळीतला पहिला. पाइप फिटर म्हणून दोन वर्षं. परत येताना तिथल्या विमानतळावरच्या दुकानात शिरलो. सेंट, नेलकटर, टॉर्च सगळं आधीच घेतलं होतं. पण बायकोसाठी त्याच मुलखातली, तिथल्या लोकांनी हातानं केलेली वस्तू न्यावी असं मनात होतं. काचेच्या कपाटात काळा मखमली बटवा दिसला. वर जरीचा उंट, शेजारी खजुराचं झाड. दुकानदाराला खुणेनं विचारलं, इथलाच ना? त्यानं मान हलवली. छाती काय फुगली माझी!

बॅग उघडायला सगळी चाळ आमच्या खोलीत. बटवा मी शेवटी काढला. सांगितलं, वाळवंटातल्या बायका तंबूत बसून हे शिवतात. मला असं कोणी सांगितलं होतं का? नाही. तोंडाला आलं, बोललो. बटवा हातोहात फिरत वहिनीकडे गेला. तिनं तो उलटा केला, अस्तरावरून बोट फिरवलं आणि हसली. खरं सांगतो, आनंदानं हसली.

"भाऊजी, हा तर मी शिवलाय."

तिला वाटलं असेल मीही खूश होईन. पण बायका खिदळल्या. एक म्हणाली, वहिनींचे उंट परदेशात चरायला जातात वाटतं. मला वाटलं हे हसणं माझ्यावर आहे. दोन वर्षं उन्हात भाजून मी काय आणलं — आमच्याच ओट्यावरचं?

वहिनी म्हणाली, कोपरा उसवून बघा. तिच्या माहेरी गोधडीचा शेवटचा टाका घालायच्या आधी आत दोन तांदूळ टाकायचे, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. तीच सवय तिनं शेठच्या मालालाही लावलेली, त्याला न सांगता.

मी उसवू दिलं नाही. दिराकडे परदेशातली वस्तू आली म्हणून जळता, असं म्हणालो. खोटारडी म्हणालो. सगळ्यांच्या देखत.

इथपर्यंत चाळीला ठाऊक आहे. पुढचं नाही.

तिसऱ्या दिवशी बायको बाजारात गेलेली. मी दाराला कडी लावली आणि दाढीच्या ब्लेडनं अस्तराचा कोपरा उसवला. तळहातावर दोन दाणे पडले. जाडे, तांबूस — बारवीकडचे.

वहिनीची खोली चार पावलांवर. जायला काय लागत होतं? मी ते दाणे तोंडात टाकले. चावले. गिळले. मग कोपरा शिवून टाकला, वेडावाकडा.

त्याच संध्याकाळी भाऊ वहिनीला घेऊन आला. घरात फूट नको म्हणून त्यानंच तिला समजावलं असणार. ती उंबऱ्याशी उभी राहिली, आत आली नाही.

"चुकलं माझं, भाऊजी. दुसरा कुठला तसाच असेल."

माझ्या दाताच्या फटीत तांदळाची कणी अडकलेली होती. मी जिभेनं ती चाचपत होतो. आणि म्हणालो, जाऊ द्या वहिनी, होतं असं कधीकधी. चाळीत माझं कौतुक झालं — मोठ्या मनाचा म्हणून.

वहिनीनं शेठचे गठ्ठे घेणं बंद केलं. पण तिनं कुठलीही गोष्ट सांगितली, साधं पाणी कधी येणार एवढं जरी, तरी ओट्यावरून कोणीतरी विचारायचं, उसवून बघायचं का? बायका हसायच्या. मीही हसायचो. किती वर्षं? मोजली नाहीत.

भाऊ आता नाही. वहिनी मांजर्लीला मुलाकडे असते. दिवाळीला जातो मी, ती स्वतः ताट वाढते. दरवेळी ठरवून जातो, दरवेळी जेवून परत येतो.

बटवा तिनंच शिवला होता. ती माझ्या दारात माफी मागत उभी होती तेव्हा मला ते ठाऊक होतं.