सगळे अकरावर

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, श्री. उत्तम काशीनाथ घाग, वय एकसष्ट, मूळ जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम पेणकरपाडा, हे काशीमीऱ्याच्या एका गोदामातून निवृत्त झाले असून सध्या बिल्डिंगचे वायरलेसतज्ज्ञ म्हणून कार्यरत आहेत. नेमणूक कोणी केली, याची नोंद आढळत नाही.

झालं ते असं. घरभर इंटरनेट पोचावं म्हणून उत्तमरावांनी तीन पांढऱ्या डब्यांचा वायफायचा मेश संच आणला. दोन खोल्यांच्या घराला तीन डबे. सेटिंगमध्ये चॅनेल निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी अकरा घेतला. कार्याच्या पाकिटात आपण दहा कधी घालतो का? नेट सुसाट चाललं. मग शेजाऱ्यांची बोलावणी आली आणि दिवाळीचा फराळ वाटावा तसा उत्तमराव घरोघर अकरा वाटत सुटले.

पुढे त्यांच्याच घरात नेट अडखळू लागलं. मुलगी रसिका घरून नोकरी करते. मीटिंगमध्ये तिचा चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा. शेवटी साहेबानं सांगितलं, सोमवारी पुन्हा असं झालं तर सरळ बंगळुरूच्या ऑफिसात या. लेक जाणार या विचारानं उत्तमरावांना जेवण जाईना. तसंही ते गारच असायचं. लहरी आड येतात म्हणून मायक्रोवेव्ह त्यांनीच बंद करवला होता.

शनिवारी रसिकानं फोनवर एक ॲप उघडलं. आसपासचं कुठलं वायफाय कुठल्या चॅनेलवर आहे, ते त्यात डोंगरासारख्या आलेखांत दिसतं.

"पप्पा, हे बघा जरा."

एकपासून दहापर्यंत सगळं ओसाड. अकरावर मात्र डोंगरावर डोंगर, आणि प्रत्येकावर शेजाऱ्याचं नाव.

उत्तमराव मटकन बसले. खाली खुर्ची होती, हे नशीब.

"सगळे... अकरावर?"

"तुम्हीच बसवलेत ना! सगळे एकाच जागी बोलतायत. त्यात माझं कोण ऐकणार?"

"म्हणजे मी..."

"तुम्हीच," स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी गिरिजाताई म्हणाल्या. "आणि आम्ही इतके दिवस गार आमटी खातोय. आधी त्या मायक्रोवेव्हची माफी मागा."

उत्तमरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डोंगर हलले नव्हते.

रसिकानं घरचा चॅनेल एक नंबरवर नेला. नेट पुन्हा सुसाट. त्या आनंदात उत्तमराव खाली पेपर आणायला गेले आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजारच्या चंदनभाईंना, सहज, म्हणाले, "मैंने एक कर दिया."

रविवारी संध्याकाळी रसिकाचा चेहरा पुन्हा गोठला. ॲप उघडलं. अकरा ओसाड. डोंगर सगळे एकावर.

उत्तमराव उठले. तसेच चपला न घालता ते चंदनभाईंच्या दारात उभे राहिले.

"अरे, ग्रुप पे डाल दिया था मैंने!" चंदनभाई खुशीत म्हणाले. "उत्तमभाईने बदला है तो कुछ सोच के ही बदला होगा. सबका भला होना चाहिए ने!"

उत्तमराव परतले, चपला घातल्या आणि बाजारात गेले.

सोमवारची मीटिंग एकदाही अडखळली नाही. रसिका घरीच आहे. बिल्डिंगच्या वायरलेसतज्ज्ञांच्या हॉलमधून तिच्या लॅपटॉपपर्यंत आता एक निळी वायर जाते.