मनखूलच्या हमीदाआपा

फोन सकाळी आला. इम्रान अबुधाबीहून निघाला होता, पण तो दुबईच्या हॉस्पिटलात पोचायच्या आतच त्याची आई गेली होती. "अंकल, शी इज गॉन," तो म्हणाला, "रशीदचाचांचे गावाहून सारखे फोन येतायत. मय्यत इकडे पाठव म्हणतात. कबरीची जागापण बघून ठेवलीय. अम्मी तुम्हाला काय बोलली होती? एक्झॅक्टली काय?"

हमीदाआपा जे बोलल्या होत्या ते मी शब्द न बदलता सांगितलं. माझी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली. दुसऱ्याच्या वाक्यात आपलं वाक्य मिसळायचं नाही, एवढी शिस्त अंगात आहे. त्या म्हणाल्या होत्या, "मला खोक्यात घालून पाठवायचं नाही. मी कार्गो नाही. मी मनखूलची आहे, मला इथंच ठेवा." इम्रानने विचारलं, "पूर्ण शुद्धीत होती ना?" त्याच दमात त्यांनी चहा बेचव दिल्याबद्दल वॉर्डबॉयला झापलं होतं, तेही मी सांगितलं. त्यावर तो पलीकडून हसला की रडला, कळलं नाही. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर अल क्वोजच्या कब्रस्तानात दफन झालं. गावी बसलेल्या रशीदचाचांनी, म्हणजे आपांच्या धाकट्या दिरांनी, पुतण्याशी बोलणं बंद केलं.

हमीदाआपा रत्नागिरीच्या एका खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन इथं आल्या तेव्हा दुबईच्या या मनखूल वस्तीत दोन इमारतींच्या मधे नुसती वाळू होती. नवरा जहाजांच्या मालाच्या ऑफिसात होता. संसार दोन खोल्यांत मावला आणि पुढेही तेवढ्यातच राहिला. आमचं दार त्यांच्या समोरचं. या देशात आपली माणसं भेटली की दुसरा प्रश्न गावाचा असतो. त्यावर आपांचं उत्तर ठरलेलं होतं... मनखूल. समोरचा हसून म्हणे, "तसं नव्हे आपा, मूळ गाव?" "तेच सांगतेय. मुलगा इथं झाला, नवरा इथं गेला, गुडघे इथल्या जिन्यात झिजले. अजून किती मूळ पाहिजे?" लोकांना ही गंमत वाटायची. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने असं बोलायचं नसतं, हा इथला न लिहिलेला शिष्टाचार आहे. आपांनी तो कधी पाळला नाही.

इथून माणसं कायमची जातात, त्याला आम्ही 'कॅन्सल करून जाणं' म्हणतो. व्हिसा कॅन्सल, घर कॅन्सल, मग विमान. आमच्या गल्लीतून असं कुणीही निघालं, की आपा त्याला सहकुटुंब जेवायला बोलावत. सांदणं, कोलंबीचा पुलाव, वर फालुदा. जेवण झालं की हात पुसत समोर बसायच्या आणि म्हणायच्या, "यल्ला, आता बोला. इथं राहून काय पाहिलंत? ऐकीव चालणार नाही. स्वतः पाहिलेलं एक सांगा, मग जा." सामान बांधून थकलेली माणसं आधी बावरत, मग बोलायला लागत. दुसऱ्या मजल्यावरच्या पेडणेकरांनी सांगितलं, की एका पावसात गल्लीत गुडघाभर पाणी झालं तेव्हा नव्या फ्रिजच्या थर्मोकोलवर मुलांना बसवून त्यांनी शाळेच्या बसपर्यंत ढकलत नेलं होतं. पेडणेकरबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आपल्या पोराला मात्र खांद्यावर नेलंत, थर्मोकोलवर शेजाऱ्यांची." आपांनी दोन्ही गोष्टी ठेवून घेतल्या.

ठेवून घेतल्या म्हणजे डोक्यात. लिहून काढा, असं मी सुचवलं तेव्हा म्हणाल्या, "तुमचं लिहिलेलं दुसऱ्या दिवशी कशाला वापरतात ते मला माहितेय, पेपरवाले." थंडी सुरू झाली की शुक्रवारी सकाळी त्या मनखूलची फेरी काढत. नव्याने राहायला आलेली कुटुंबं आणि त्यांची कुरकुरणारी मुलं बरोबर असत. इथं वाळूत क्रिकेट चालायचं, या गच्चीवर बोंबील वाळत घातले म्हणून वॉचमनशी भांडण झालं, या बकाल्याच्या, किराण्याच्या दुकानाच्या बाहेर फोनसाठी रांग लागायची आणि रांगेतला प्रत्येक जण पुढच्याचं बोलणं ऐकत उभा असायचा. एखादं पोर म्हणे, "बट देअर इज नथिंग हिअर." आपा त्याला म्हणत, "हबीबी, म्हणून तर सांगतेय." पुढे सरकारने सुट्टी शुक्रवारची शनिवार-रविवारवर नेली. फेरीचा दिवस बदला, असं नोकरी करणाऱ्यांनी विनवलं. "मग रजा टाका," असं उत्तर मिळालं. दोघातिघांनी खरंच टाकली.

त्यांच्या तपशिलांवर विश्वास ठेवायला मला वेळ लागला. कोपऱ्यावरच्या फार्मसीच्या जागी पूर्वी कॅसेटचं दुकान होतं, असं मी एकदा फेरीत सर्वांसमोर म्हणालो. आपा म्हणाल्या, "आधी शिंपी, मग कॅसेट." मी पुरावा मागितला. त्यांनी तिथंच उभ्याउभ्या केरळला परतलेल्या त्या शिंप्याला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारा झोपेतून उठला होता. फार्मसीचं दार दाखवताच तो बनियनवर हिंदीत ओरडला, "मेरा दुकान! लेफ्ट साइड में मशीन था!" नंतर मी फारसे पुरावे मागितले नाहीत.

नवरा गेल्यावर इम्रानने आईला गावी पाठवायचं ठरवलं होतं. त्यात वाईट हेतू नव्हता. गावात दोन मजली घर बांधून कुलूपबंद होतं. आखाती संसाराची एक रीत आहे. चांगलं ते सगळं तिकडच्या घरासाठी घ्यायचं आणि इकडे पलंगाखाली खोक्यात ठेवायचं. काचेचा डिनर सेट, पडदे, झुंबर, मिक्सरसुद्धा. वर्षानुवर्षं माणसं फुटक्या कपांतून चहा पितात आणि त्यांच्या गादीखाली न वापरलेली घरं झोपलेली असतात. इम्रान कार्गोवाल्याला घेऊन आला त्या दिवशी आपांनी पलंगाखालची सगळी खोकी बाहेर ओढली... आणि सुरी घेऊन एकेक फोडली. पडदे त्याच दुपारी लागले. झुंबर त्या बुटक्या छताला इतकं खाली आलं, की उंच माणसाला वाकूनच हॉलमध्ये यावं लागे. कार्गोवाला दारात उभा. इम्रान म्हणाला, "अम्मी, व्हॉट आर यू डूइंग? हे गावच्या घराचं आहे." आपा म्हणाल्या, "गावी मला काय म्हणतात, ठाऊक आहे? दुबईवाली. लग्नात, मयतीत, दुकानात... दुबईवाली आली, दुबईवाली बसली. ज्या गावात माझं नावच नाही, तिथं ही झुंबरं लावून कुणाला दाखवू? इथं निदान भांडायला माणसं मला नावाने हाक मारतात." कार्गोवाला रिकाम्या हाताने गेला. जाताना तो नव्या कपातून चहा प्यायला.

हे सगळं रशीदचाचांपर्यंत पोचलं होतं आणि त्यांना ते अपमानाचं वाटलं होतं. दफन झाल्यावर काही आठवड्यांनी ते कबर बघायला म्हणून व्हिजिट व्हिसावर आले. सत्तरी ओलांडलेले, ताठ, खिशाला पेन. कब्रस्तानात त्यांनी फातिहा पढला आणि साध्या मातीच्या ओळींकडे बघत म्हणाले, "इथं कोण येणार हिच्याकडे? चार वर्षांनी तुम्हीपण कॅन्सल करून जाल." हा प्रश्न खोटा नव्हता. इम्रान एवढंच म्हणाला, "चाचा, ती जिथं राहिली ते बघून घ्या. मग मला काय बोलायचं ते बोला."

आम्ही मनखूलला आलो. इम्रानने आईची फेरी सांगायला घेतली आणि पहिल्याच वळणावर चुकला. चाचा ऐकत नव्हतेच. गल्लीच्या टोकाला एका जुन्या इमारतीपाशी ते एकाएकी उभे राहिले. "ही अजून आहे?" मग आमच्याकडे न बघता बोलले. ऐन तरुणपणी ते इथं आले होते, अल क्वोजच्या एका वर्कशॉपात. याच इमारतीत एका खोलीत सात जण राहत. उन्हाळा सोसला नाही, मालकाने परत पाठवलं. "गावात सांगितलं, मला नाही आवडलं. भाऊ राहिला, भावजय राहिली... मी नाही आवडलं म्हणून सांगितलं."

इम्रानने विचारलं, "खोली कुठली?"

चाचा फाटकातून आत शिरायला लागले. खुर्चीतला तरुण वॉचमन उठला आणि आडवा आला. "किसके पास जाना है, चाचा?"

"किसी के पास नहीं," रशीदचाचा त्याला बाजूला सारत म्हणाले. "मैं इधर रहता था. तेरे पैदा होने से पहले."