जात्यावरची बाई

मी काम करतो त्या सुप्याच्या कारखान्यातले फिटरमामा मदतीला आले नसते, तर बाबांच्या हातचं चित्र मला पुन्हा दिसलं नसतं.

मामा कर्जतकडचे. कुठल्या गावात कुठल्या भिंतीवर चित्र आहे, ते नकाशावर दाखवणारं एक ॲप त्यांच्या मोबाईलवर आहे. सुट्टीला ते मोटरसायकलवर तसल्या भिंती शोधत फिरतात. चित्रावर चुना मारलेला दिसला, की तिथंच उभं राहून ॲपमध्ये ‘चित्र नाही’ असं लिहितात. “खोटं कशाला ठिवायचं? लोकं लांबून येत्यात,” म्हणतात.

आमच्या वाशिमकडच्या गावी गिरणीच्या भिंतीवर बाबांनी जात्यावर दळणारी बाई रंगवली होती. बाबा गेले. मग रस्त्यासाठी गिरणी पाडणार, असा आईचा फोन आला. साहेबांनी रजा नाकारली. आठवीत शाळा सोडलेला मी, पुन्हा मागायची हिंमत झाली नाही. मामांनी ॲपवरून तिकडच्या कुणाला तरी फोटो काढायला विनवलं.

फोटो आला तेव्हा मामा म्हणाले, “आदी जेव.” जेवल्यावर मोबाईल हातात दिला. अर्धी भिंत पडली होती. बाईचा हात आणि जातं, एवढंच उरलं होतं. मामांनी फोटो ॲपवर टाकला आणि बाबांचं नाव विचारून एका बोटानं त्याखाली लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उरलेली भिंतही पाडली.

“मामा, आता ‘चित्र नाही’ लिवा लागन ना?” मी भीत भीत विचारलं.

त्यांनी मोबाईल खिशात टाकला. “माझ्याच्यानं न्हाई व्हायचं.”

कधीतरी गावी जाऊन मी तिथंच एखाद्या भिंतीवर ती बाई काढीन. बाबांसारखी जमणार नाही. पण मामांना खोटं पडू देणार नाही.