चौकात मिळालेला गुलाब

फेब्रुवारीत कामशेतच्या बाजारात पॉलीहाउसमधले गुलाब आले, की मी ती वाट टाळतो. लांब देठाचा, वास नसलेला असाच एक गुलाब मला एकदा लोणावळ्याच्या चौकात मिळाला होता. नगरपरिषदेचा रस्ता सुरक्षा सप्ताह चालू होता आणि कॉलेजच्या मुली विनाहेल्मेट गाडीवाल्यांना थांबवून, गुलाब देऊन हात जोडत होत्या. मी ओशाळून हसलो, फूल शर्टाच्या खिशात खोचलं आणि घरी आलो. बायकोने दारातच ते पाहिलं. "माज्यासाठी आनला?" इतक्या वर्षांत मी तिला साधा गजराही आणला नव्हता. तिचा चेहरा असा उजळला, की माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. तिने तो तांब्यात ठेवला, शेजारणीला बोलावून दाखवला आणि दुसऱ्या संध्याकाळी देठ मोडून केसांत माळून माझ्यामागे गाडीवर बसली. हेल्मेट घरीच होतं. चौकात मला गुलाब देणारी तीच मुलगी आडवी आली. "काका, कालच दिला होता ना तुम्हाला? आज परत?" म्हणत तिने नवा गुलाब पुढे केला. माझा हात हँडलवरून हलेना. मागून बायकोनेच हात पुढे केला. "दे बाई," ती म्हणाली, "ह्यांना लय आवडत्यात." घरी आलो. आल्यावर केसांतलं फूल काढून तिने दोन्ही गुलाब खुंटीवरच्या हेल्मेटमध्ये ठेवले आणि स्वयंपाकाला लागली. आता मी कोपऱ्यावरच्या दुकानातही हेल्मेट घालून जातो. तिच्यासाठी गुलाब मात्र मला आजवर विकत घेता आलेला नाही.